बंगळूरची उन्हाळी रंगशाळा

एप्रिल महिना उजाडला की बंगळूरमधील शाळांच्या फाटकांना कुलपे लागतात आणि रंगमंदिरांची दारे सकाळपासूनच उघडी दिसू लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीचा उन्हाळा जळगाव-नागपूरकडील माणसाला उन्हाळा वाटतच नाही. दुपार तापते खरी; परंतु सायंकाळी ढग दाटून येतात, वळवाची एखादी सर कोसळते आणि हवेत पुन्हा गारवा येतो. कन्नड भाषेत या ऋतूला ‘बेसिगे’ म्हणतात. ‘बेसिगे शिबिर’ हे दोन शब्द या दिवसांत भिंतींवरील फलकांवर आणि वृत्तपत्रांत घालून आलेल्या पत्रकांवर सर्वत्र भेटतात. पोहणे, बुद्धिबळ, संगणक, झटपट गणित, सुंदर हस्ताक्षर, व्यक्तिमत्त्व विकास! सुटीचा एकेक तास पालकांनी आधीच कोणाच्या तरी स्वाधीन करून ठेवलेला असतो. या गर्दीत नाटकाचे शिबिर म्हणजे आणखी एक दुकान, असा एखाद्याचा समज झाल्यास नवल नाही. वस्तुतः या शहरातील नाट्यशिबिरांमागे काही दशकांची परंपरा आहे, आणि ज्यांनी ती उभी केली त्यांनी मुलांना रंगभूमीचे पाहुणे मानले नाही, घरचेच मानले. या भूमिकेला खर्च किती येतो आणि तो कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो.

उन्हाळी सुटी आणि बालनाट्य यांचे नाते मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिट्ल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि त्यानंतर मे महिन्यातील दुपारी आपल्या नाट्यगृहांत राक्षस, चेटकिणी आणि राजकन्या यांचे राज्य सुरू झाले. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली, तीच चेटकीण २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी पुन्हा उभी केली, तेव्हा लहानपणी हे नाटक पाहिलेले आईबाप मुलांना घेऊन रांगेत उभे होते. या परंपरेत साधारणपणे मोठी माणसे रंगमंचावर आणि मुले समोर खुर्चीत, अशी मांडणी असते. तिचा आनंद निराळा. बंगळूरमध्ये एका दांपत्याने ही मांडणी फिरवली आणि मुलांनाच रंगमंचावर चढवले.

बी. व्ही. कारंत (१९२९–२००२) आणि प्रेमा कारंत हे ते दांपत्य. मराठी नाट्यरसिकांना कारंत ठाऊक आहेत ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक आणि गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’चे कन्नड दिग्दर्शक म्हणून. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मंची या गावचा हा मुलगा कोवळ्या वयातच घर सोडून गुब्बी वीरण्णा यांच्या नाटक कंपनीत दाखल झाला. आपल्याकडील गंधर्व नाटक मंडळीप्रमाणेच ‘गुब्बी कंपनी’ हे कर्नाटकातील घरोघरचे नाव. पोरवयात त्या कंपनीत बालनट म्हणून उभ्या राहिलेल्या या मुलाची हुशारी वीरण्णांनी हेरली आणि पुढे उच्च शिक्षणासाठी त्याला बनारसला पाठविले. एका नाटक कंपनीच्या मालकाने बालनटाच्या शिक्षणात केलेली ही गुंतवणूक किती फळास आली, हे भारतीय रंगभूमीच्या इतिहासाने पाहिले आहे.

प्रेमा कारंत या पेशाने शिक्षिका. त्यांनीही राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले, वेशभूषेचे काम केले आणि पुढे ‘फणियम्मा’ हा चित्रपट दिग्दर्शित करून कन्नड चित्रसृष्टीत स्वतंत्र स्थान मिळविले. कारंतांनी स्थापन केलेल्या ‘बेनक’ या संस्थेचे नाव ‘बेंगळूरु नगर कलाविदरु’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून आलेले आहे. ‘बेनक’ हे कन्नडमध्ये गणपतीचेही नाव. रंगमंचावर नांदीला ज्याला आवाहन करावयाचे तोच संस्थेच्या पाटीवर बसला, हा योग मोठा गोड आहे. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते. त्याच वर्षी प्रेमाताईंनी ‘बेनक मक्कळ केंद्र’ सुरू केले. ‘मक्कळ’ म्हणजे मुलांचे. या केंद्राच्या नाटकांत मुलेच नट, मुलेच गायक आणि बऱ्याच अंशी मुलेच रंगमंचाचे कामगार.

केंद्राच्या गाजलेल्या नाटकांपैकी एकाचे नाव ‘अळिलु रामायण’. अळिलु म्हणजे खार. सेतू बांधताना वाळूचे कण वाहून नेणाऱ्या खारीची गोष्ट आपल्या भाषेत ‘खारीचा वाटा’ या शब्दांत रुजून बसली आहे. रामायणाकडे खारीच्या उंचीवरून पाहावयाचे तर रंगमंचावर लहान मुलेच हवीत! वानरसेना हवी तेवढी मोठी करता येते, त्यामुळे शिबिरात नाव घातलेल्या कोणत्याही मुलाला ‘तुझ्यासाठी काम नाही’ असे सांगावे लागत नाही. कारंतांनी मुलांसाठी बसविलेले दुसरे नाटक ‘पंजर शाळे’, म्हणजे पिंजऱ्यातली शाळा. राजाच्या आज्ञेवरून एका पोपटाला पोथ्यांची पाने कोंबून विद्वान केले जाते आणि त्यात बिचारा पोपट प्राणास मुकतो, ही रवींद्रनाथ टागोरांची कथा त्यामागे आहे. परीक्षा संपवून आलेली मुले हे नाटक बसवताना किती मनापासून हसत असतील, याची कल्पना कोणत्याही पालकाला करता येईल.

शिबिरात नेमके चालते काय? नवख्या पालकाची पहिली अपेक्षा अशी असते की, मुलाच्या हाती संवादांची वही पडेल आणि ते घरी येऊन पाठांतर करील. बहुतेक चांगल्या शिबिरांत पहिले काही दिवस वहीचे नावही निघत नाही. सकाळी मुले वर्तुळात उभी राहतात. नाव सांगावयाचे, पण त्यासोबत एक हालचाल करून. मग सर्वांनी ते नाव आणि ती हालचाल परत करावयाची. त्यानंतर नुसते चालणे: चिखलातून, तापलेल्या वाळूवरून, परीक्षेचा निकाल आणण्यासाठी. टाळी वाजताच जागच्या जागी पुतळा. मग अर्थहीन भाषेतले संभाषण, ज्यात शब्द काहीही असले तरी चालतात, मात्र राग आला आहे की भूक लागली आहे हे समोरच्याला कळले पाहिजे. बंगळूरसारख्या शहरात या खेळाचे मोल अधिक आहे. एकाच वर्तुळात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणाऱ्या घरांतील मुले असतात. कोणाचे इंग्रजी सफाईदार, तर कोणाला दोन वाक्येही जड. अर्थहीन भाषेत सारेच एका पातळीवर येतात, आणि शाळेत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा येथे प्रथमच मागे पडलेला दिसतो.

दुपारच्या सत्रात हातांना काम मिळते. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे खळीत भिजवून मुखवट्यांवर थर चढवावयाचे, ते गच्चीवर वाळवावयाचे आणि वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन आत आणावयाचे. पुठ्ठ्याचे मुकुट, गोणपाटाची झाडे. ढोलाच्या तालावरील डोळ्ळु कुणित, हातातील काशाच्या तबकड्या वाजवीत करावयाचा कंसाळे आणि यक्षगानाची पावले यांचीही तोंडओळख येथेच होते. कारंतांच्या संगीताची छाप कन्नड बालरंगभूमीवर अद्याप जाणवते. कोणत्याही वस्तूतून नाद निघतो आणि तो नाद नाटकाला उपयोगी पडतो, ही त्यांची शिकवण होती. म्हणून येथील शिबिरांत वाद्यवृंद म्हणजे दगड, मडकी, पत्र्याचे डबे, नारळाच्या करवंट्या आणि मुलांचे गळे. खर्च नगण्य, आणि मूल घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील भांड्यांवरही तालीम चालू राहते. (याबद्दल गृहिणींचे मत काय, हे स्वतंत्रपणे विचारावे लागेल!)

प्रत्येक शिबिरात एखादे अबोल मूल असतेच. त्याला जाणता प्रशिक्षक बोलावयास लावीत नाही. त्याच्या हाती झांज देतो. झांज योग्य क्षणी वाजवावयाची तर सर्वांचे संवाद लक्षपूर्वक ऐकावे लागतात. दोन आठवड्यांत त्या मुलाला संपूर्ण नाटक मुखोद्गत झालेले असते, आणि एखादा नट आजारी पडला की सर्वांच्या नजरा आपोआप त्याच्याकडे वळतात. त्या दिवशी ते मूल बोलते. नाही बोलले तरी झांज चुकत नाही, आणि हेही थोडे नाही.

शिबिराच्या अखेरीस प्रयोग होतो आणि येथेच खरी कसोटी लागते. शुल्क भरलेल्या पालकाला महिन्याभराचे फलित डोळ्यांनी पाहावयाचे असते आणि त्यात काही गैर नाही. पण पालकांना खूश करण्यासाठी चार चुणचुणीत मुलांना पुढे काढले आणि उरलेल्यांना पडद्यासमोर रांगेत उभे केले की शिबिराचा आत्माच हरवतो. महागड्या पोशाखांत, ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलविणारी मुले अनेक ठिकाणी दिसतात. छायाचित्रे उत्तम येतात. नाटक मात्र झालेले नसते. याउलट ज्या प्रयोगात एक मुखवटा गळून पडतो, एक वानर हसू आवरू शकत नाही आणि तरीही शेजारचे मूल प्रसंग सावरून पुढे नेते, तो प्रयोग पाहणाऱ्यास कळते की या मुलांनी एकमेकांवर विसंबणे शिकून घेतले आहे.

उन्हाळा केवळ बाळगोपाळांचाच असतो असेही नाही. १९६० मध्ये स्थापन झालेले ‘बँगलोर लिट्ल थिएटर’ हे शहरातील इंग्रजी नाट्यमंडळ हौशी स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले. त्याचा ‘समर प्रोजेक्ट ऑन थिएटर’ हा उन्हाळी उपक्रम नवोदितांसाठी आहे. महाविद्यालयीन युवक आणि दिवसभर कचेरीत काम करणारी तरुण मंडळी त्यात येतात, अभिनयाबरोबर प्रकाशयोजना, नेपथ्य, तिकीटविक्री हे सारे शिकतात आणि शेवटी एक नाटक उभे करतात. तिकडे मैसूरला कारंतांनीच उभारलेल्या ‘रंगायण’ या शासकीय नाट्यसंस्थेत ‘चिन्नर मेळा’ नावाचे शिबिर भरते. चिन्न म्हणजे सोने, आणि लाडक्या लेकरालाही कन्नडमध्ये ‘चिन्न’ म्हणूनच हाक मारतात.

परंतु या सर्व उपक्रमांना लागते ती जागा. बंगळूरमध्ये जे. सी. रोडवर टागोर जन्मशताब्दीच्या निमित्ताने उभारलेले रवींद्र कलाक्षेत्र आहे, त्यामागे नाटककार संस यांच्या नावाचे खुले रंगमंदिर आहे, कब्बन पार्कमध्ये बालभवन आहे. तरीही केवळ नाटकासाठी बांधलेले आणि नाटकवाल्यांच्या खिशाला परवडणारे सभागृह असावे, हे स्वप्न शंकर नाग या अभिनेता-दिग्दर्शकाने पाहिले होते. ‘मालगुडी डेज’ या दूरदर्शन मालिकेमुळे हे नाव देशभर पोहोचले. मराठी माणसाने त्यांच्याकडे किंचित अधिक आपुलकीने पाहावे, असे त्यांच्या चरित्रात काही आहे. शंकर नाग हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावरचे. मुंबईत आल्यावर मराठी रंगभूमीने त्यांना ओढून घेतले आणि तेथेच त्यांची अरुंधती यांच्याशी भेट झाली. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. आता आणखी मागे जावे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते त्याआधी सांगलीस आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांनी प्रेरित होऊन, आणि ही मंडळी याच उत्तर कन्नड भागातील होती. मराठी रंगभूमीने कर्नाटकाकडून घेतलेले कर्ज एका होन्नावरकराच्या हातून असे सव्याज परत गेले, असे म्हटल्यास बँकेच्या या मासिकात ते अस्थानी ठरू नये.

३० सप्टेंबर १९९० रोजी मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस होते. त्यांच्या पश्चात अरुंधती नाग यांनी ‘संकेत’ या न्यासाद्वारे ते स्वप्न पुढे नेले. नागरी सुविधांसाठी राखलेला जयप्रकाश नगरमधील भूखंड मिळाला, पण इमारत उभी राहण्यास जवळजवळ दशक लागले. शासन, उद्योगसमूह, रसिक, कलावंत अशा सर्वांचे उंबरठे झिजवून निधी जमला आणि २८ ऑक्टोबर २००४ रोजी ‘रंग शंकर’चा पडदा वर गेला. सुमारे ३२० आसनांच्या या रंगमंदिराने सोमवार वगळता रोज नाटक, फक्त नाटक, असा नेम ठेवला. मुलांसाठी त्यांनी २००६ पासून ‘आहा!’ हा उपक्रम चालविला आहे. मुलांना रंगमंदिरात आणणे, नाटक शाळांपर्यंत नेणे, आणि उन्हाळ्यात ‘समर एक्स्प्रेस’ या नावाखाली कार्यशाळा व प्रयोगांची मालिका, असे त्याचे स्वरूप आहे. जर्मनीतील मानहाइम शहराच्या ‘श्नावल’ या बालरंगभूमीसमवेत त्यांनी २०११ मध्ये ‘द बॉय विथ अ सूटकेस’ हे नाटक केले. ब्रिटिश लेखक माइक केनी यांच्या या नाटकाचा नायक युद्धामुळे घर सोडावे लागलेला एक मुलगा आहे. मुलांना केवळ पऱ्यांच्या गोष्टी दाखवाव्यात की जगातील दुःखही दाखवावे, हा वाद आपल्याकडे डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ धर्तीची नाटके १९८६ मध्ये पुण्यात आणली तेव्हापासून चालू आहे. बंगळूरने आपले उत्तर असे प्रयोगानेच दिले.

आता हिशेबाकडे वळावे. ३२० आसनांचे सभागृह पूर्ण भरले आणि तिकीट शंभर रुपये धरले, तरी एका खेळाचे उत्पन्न बत्तीस हजारांच्या पुढे जात नाही. त्यातून सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजना, वेशभूषा, प्रशिक्षकांचे मानधन, चहा-फराळ भागवावयाचा. चाळीस मुलांच्या महिनाभराच्या शिबिराचा खर्च तिकिटांतून निघणे अशक्यच. मग उरतात दोन मार्ग. शुल्क वाढवावे, अथवा देणगीदार शोधावेत. शुल्क वाढविले की वर्तुळात उभे राहणारे मूल बदलते. रिक्षाचालकाचा, घरकाम करणाऱ्या बाईचा, बांधकामावरील मजुराचा मुलगा फाटकाबाहेर राहतो. आणि वर वर्णन केलेली, सारी मुले एका पातळीवर येण्याची किमया मग एकाच आर्थिक थरातील मुलांपुरती उरते. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ‘वंचितांचा रंगमंच’ ही चळवळ वस्त्यांमधील मुलांसमवेत सुरू केली. बालनाट्यात उभे आयुष्य घालविलेल्या या लेखकाला अखेरीस याच प्रश्नाकडे वळावे लागले, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

रंग शंकरने सभागृहाचे भाडे व्यापारी दराने लावण्याचे पहिल्यापासून टाळले. वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा निर्णय तोट्याचाच वाटेल. जमीन दक्षिण बंगळूरमधील, मागणी वर्षभर, आणि दर मात्र नाटकवाल्याला झेपेल एवढाच! ही तूट कोणीतरी भरत असते; कधी एखादा उद्योगसमूह, कधी न्यास, कधी विनामोबदला राबणारे कार्यकर्ते. ‘बेनक’चे कार्यही मुख्यतः अशाच श्रमदानावर उभे राहिले. प्रेमा कारंत यांचे २००७ मध्ये निधन झाले. २०२० आणि २०२१ हे दोन उन्हाळे महासाथीने गिळले. रंगमंदिरे बंद, शिबिरे बंद. उत्पन्न थांबले तरी इमारतीची देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे पोट थांबत नाही. त्या दोन वर्षांत ज्या मुलांचे शिबिराचे वय होते, त्यांना ते वय परत मिळणार नव्हते. त्यानंतर दारे पुन्हा उघडली, वर्तुळे पुन्हा भरली, मुखवटे पुन्हा गच्चीवर वाळू लागले. उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून शाळा-रुग्णालयांना मदत होते तशी चार मुलांच्या शिबिरशुल्काची तरतूद होऊ शकते काय, हा विचार वित्तसंस्थांनी आणि सधन ग्राहकांनी अवश्य करावा. रक्कम फार मोठी नसते.

बंगळूरला बदली होऊन येणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना पहिल्या वर्षी मुलांच्या भाषेची चिंता असते. कन्नड येत नाही, शाळेत मित्र नाहीत, आणि एप्रिलमध्ये तर शाळाही नाही. अशा कुटुंबांनी मार्चपासूनच शिबिरांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. कब्बन पार्कमधील बालभवनापासून आपल्या वसाहतीजवळील लहान नाट्यसंस्थेपर्यंत पर्याय अनेक आहेत. चौकशी करताना दोन गोष्टी विचाराव्यात: एका गटात किती मुले घेतली जातात, आणि अखेरच्या प्रयोगात सर्वांना काम मिळते काय.

नाटक पाहावयाचे असल्यास जयप्रकाश नगरमध्ये थोडे आधी पोहोचावे. रंग शंकरच्या उपाहारगृहात साबुदाणा वडा मिळतो आणि कानडी रसिकही तो मोठ्या आवडीने खातात. मात्र वड्याच्या नादात घड्याळ विसरू नये. प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो आणि त्यानंतर आलेल्या कोणालाही, तो कितीही मोठा पाहुणा असो, आत प्रवेश मिळत नाही.